बुजवलेला चर पाणी ओढतच राहतो : ओढा आणि पाणथळ भरपाई प्रकल्पाच्या नोंदी

जागा : अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य, पीडमाँट पट्टा (डोंगर आणि किनारी मैदान यांच्या मधला), केप फिअर नदीच्या खोऱ्यातले हॉ नदीचे उपखोरे (जलशास्त्रीय एकक ०३०३०००२). जुने गुरांचे कुरण. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ०.५ चौरस मैल.

ज्यांना ही पद्धत नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम ४०४ नुसार रस्ता, वसाहत किंवा मॉलसाठी ओढा अथवा पाणथळ बुजवायची तर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचा परवाना लागतो आणि झालेल्या नुकसानीची भरपाई करावी लागते. परवानाधारक राज्याच्या योजनेत पैसे भरू शकतो, मग राज्य त्याच नदी-एककात दुसरीकडे ओढा व पाणथळ पूर्ववत करते. राज्याने १९९६ साली वेटलँड्स रिस्टोरेशन प्रोग्राम सुरू केला. २००३ मध्ये परिवहन विभाग, पर्यावरण विभाग आणि कोअर यांच्या करारातून इकोसिस्टम एन्हान्समेंट प्रोग्राम आला. त्याचेच आजचे नाव डिव्हिजन ऑफ मिटिगेशन सर्व्हिसेस. आपल्याकडे वनजमीन गेली की पर्यायी वनीकरणात झाडे आणि हेक्टर मोजतात. इथे ओढ्याचे फूट आणि पाणथळीचे एकर मोजतात, आणि तेही सात वर्षे. भरपाईचे एकक, म्हणजे क्रेडिट, फुटांत असल्यामुळे नोंदीतली मापेही फूट-इंचांतच ठेवली आहेत.

१७ जानेवारी, बांधकामाआधी

पूर्ण पात्र चालून पाहिले. ओढा सरळ केलेला, १,५०० फूट लांब, टेकडीच्या पायथ्याला ढकललेला. काठाची उंची तळापासून ४.६ फूट. काठोकाठ प्रवाहाच्या खुणा (वाळूचे सपाट थर, शेवाळाची वरची कड) तळापासून १.५ फुटावर. म्हणजे काठाच्या उंचीचे गुणोत्तर ३.१. प्रकल्प यशस्वी ठरायला ते १.२ च्या आत हवे. आज पुराचे पाणी मळईवर चढतच नाही. सगळा जोर पात्रातच राहतो आणि काठ कोसळतात.

हाताच्या गिरमिटाने मळईत १४ ठिकाणी माती काढली. वरचे अडीच फूट तांबूस गाळ, त्याखाली काळपट करडी, गंजाचे ठिपके असलेली माती. तांबूस गाळ म्हणजे गोऱ्या वसाहतींनी टेकड्या नांगरल्यावर वाहून आलेली माती. जुनी पाणथळ खाली गाडली गेली आहे. नकाशावर चेवाक्ला आणि वेहॅडकी या माती आहेत. वेहॅडकी पाणथळीची, चेवाक्लामध्ये मात्र ती मधूनमधूनच सापडते, त्यामुळे नकाशावर विसंबून एकर मोजू नयेत.

मळईतून एक आडवा चर ओढ्याला येऊन मिळतो. त्याच्या तोंडाशी भाजक्या मातीच्या नळाचा एक तुकडा पडलेला मिळाला. नोंद केली, पुढे शोध घेतला नाही. ही चूक नंतर महागात पडली.

४ फेब्रुवारी

छेदाचा हिशेब. पीडमाँटच्या ग्रामीण ओढ्यांसाठी नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाची १९९९ ची प्रादेशिक समीकरणे वापरतात. क्षेत्रफळ = २१.४३ × (पाणलोट)^०.६८, रुंदी = ११.८९ × (पाणलोट)^०.४३, खोली = १.५० × (पाणलोट)^०.३२, प्रवाह = ८९.०४ × (पाणलोट)^०.७२. पाणलोट चौरस मैलांत, प्रवाह क्युसेकमध्ये.

०.५ चौरस मैलाला : छेद १३.४ चौरस फूट, रुंदी ८.८ फूट, खोली १.२ फूट, प्रवाह ५४ क्युसेक. नवखा इथेच अडखळतो. ८.८ गुणिले १.२ म्हणजे १०.६, १३.४ नव्हे. चारही समीकरणे स्वतंत्रपणे बसवलेली आहेत, त्यांचा आपसात मेळ बसेलच असे नाही. म्हणून आधी क्षेत्रफळ धरायचे, रुंदी-खोलीचे गुणोत्तर ठरवायचे, आणि रुंदी व खोली त्यातून काढायची.

जवळच्या जंगलातल्या न बिघडलेल्या ओढ्याचे मोजमाप समीकरणापेक्षा थोडे लहान येते. छेद १२ चौरस फूट धरला. गुणोत्तर १२. रुंदी १२ फूट, सरासरी खोली १.० फूट, सर्वाधिक खोली १.५ फूट. उतार १ टक्का आणि मॅनिंगचा गुणांक (पात्राचा खडबडीतपणा) ०.०३५ धरून ४९ क्युसेक येतात, समीकरणाच्या ५४ शी जुळण्यासारखे. छेद मोठा ठेवण्याचा मोह टाळायचा. पात्र मोठे झाले की पूर मळईवर चढत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. आपल्याकडच्या नाला खोलीकरणाच्या नेमके उलटे काम आहे हे : तळ वर आणायचा, पात्र लहान करायचे, पाणी बाहेर पडू द्यायचे.

तळावरचा ताण (पाण्याचे घनफुटाचे वजन × जलत्रिज्या × उतार) : ६२.४ × ०.९४ × ०.०१ = ०.५९ पौंड प्रति चौरस फूट. किती ताणाला केवढा दगड हलतो हे सांगणाऱ्या शिल्ड्सच्या सूत्राने सुमारे ३८ मिलिमीटरचा गोटा हलतो. खळाळात टाकायच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त दगड याहून मोठे हवेत. फक्त मोठे दगडही नकोत. मधल्या फटींत बारीक खडी आणि माती नसेल तर उन्हाळ्यात पाणी दगडांखालून जाते आणि वर ओढा कोरडा दिसतो.

२० मार्च

मातीचा ताळेबंद. जुन्या पात्राचा छेद सरासरी ६० चौरस फूट. १,५०० फुटांना ९०,००० घनफूट, म्हणजे ३,३३३ घनयार्ड. दाबल्यावर आकसते म्हणून १५ टक्के वाढवून ३,८३३. नवे वळणदार पात्र १,८०० फूट, डोह धरून सरासरी १५ चौरस फूट : १,००० घनयार्ड निघतील. तूट २,८३३ घनयार्ड.

बाहेरून माती आणायची नाही. मळईवरचा तांबूस गाळ ९ इंच सोलला तर २.३ एकरांत ही तूट भरून निघते, आणि जुनी काळी माती पृष्ठभागाच्या तेवढी जवळ येते. एका कामात दोन गरजा भागतात. मात्र सोलताना वरचे ४-६ इंच वेगळे ढीग करून ठेवायचे आणि शेवटी परत पसरायचे. कंत्राटदार हे टाळतात, कारण माती दोनदा उचलावी लागते. पसरले नाही तर रोपे पिवळी पडतात.

११ जून

कागद. जमीन शेतकऱ्याचीच राहते. ओढ्याभोवतीच्या पट्ट्यावर राज्याचा कायमचा संवर्धन हक्क (ईझमेंट) नोंदला. काठापासून दोन्ही बाजूंना किमान ५० फूट, डोंगराळ भागात ३० चालतात. गुरांच्या वाटेसाठी ६० फुटांचा पट्टा हक्काबाहेर, म्हणून तेवढ्या फुटांचे क्रेडिट नाही.

मुख्य ओढा, पुनर्स्थापना १:१ ने १,७४० क्रेडिट. ५०० फुटांची उपधारा, फक्त कुंपण, लागवड आणि थोडी काठदुरुस्ती, २.५:१ ने २०० क्रेडिट. एकूण १,९४०. पाणथळ ३ एकर, १:१. परवाने : कोअरचे नेशनवाइड परमिट २७ (ओढे-पाणथळी पूर्ववत करण्याच्या कामांसाठीचे), पाण्याच्या गुणवत्तेबद्दल राज्याचे ४०१ प्रमाणपत्र, धूप नियंत्रण आराखडा.

८ सप्टेंबर

काम सुरू. नव्या पात्राचा जो भाग जुन्यापासून दूर आहे तो कोरड्यात खणायचा, दोन्ही टोकांना मातीचा अडसर ठेवून. जिथे नवे-जुने एकमेकांना छेदतात तिथे पाणी पंपाने वळवायचे. सध्याचा प्रवाह ०.३ क्युसेक, म्हणजे मिनिटाला १३५ गॅलन. ४ इंची पंप पुरतो, पण दुसरा पंप जागेवर हवाच. वरच्या बाजूला वाळूच्या पिशव्यांचा बांध, खालच्या बाजूलाही एक. मधले गढूळ पाणी वेगळ्या पंपाने गाळपिशवीत, आणि पिशवी गवतावर, ओढ्यापासून लांब. एका दिवसात खणून, बी टाकून, चटई अंथरून होईल एवढाच तुकडा उघडायचा. दुपारी तीनला ‘अजून वीस फूट काढू’ म्हणणाऱ्या ऑपरेटरला थांबवणे हे देखरेख अभियंत्याचे खरे काम.

२६ सप्टेंबर

लाकडी उंबरे (लॉग सिल) बसवले. जागेवरच पाडलेल्या ओकचे ओंडके, १४ ते १८ इंच जाडीचे. खाली पायाचा ओंडका, त्यावर वरचा. दोन्ही टोके काठात किमान ५ फूट गाडलेली. वरच्या प्रवाहाकडच्या अंगाला जिओटेक्स्टाइल कापड खिळ्यांनी ठोकून, पायाच्या ओंडक्याच्याही खाली नेऊन, त्यावर खडी आणि माती दाबायची.

सहाव्या उंबऱ्याला कापड पायाच्या ओंडक्याच्या तळापर्यंतच आले होते, खाली वळवलेले नव्हते. पाहणीत निसटले.

१५ ऑक्टोबर

जुने पात्र आणि आडवा चर बुजवणे. वरून खाली असे बुजवत यायचे. उरलेल्या डबक्यांतले मासे जाळीने काढून नव्या पात्रात सोडले. ८ इंचांचे थर, प्रत्येक थरावर यंत्राच्या पट्ट्याच्या चार फेऱ्या. दर २०० फुटांवर ५० फूट लांबीचा चिकणमातीचा अडसर. त्यात वाळू किंवा लाकूडफाटा अजिबात नको.

अडसर का? भरावाची माती मूळ मातीइतकी घट्ट कधीच होत नाही. वरून सपाट दिसले तरी खाली एक सैल नळी तयार होते आणि भूजल जुन्या वाटेनेच निघून जाते. भराव ६ इंच वर उठवून ठेवला, वर्षभरात तेवढा बसतो.

३ नोव्हेंबर

काठांवर चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची काथ्याची चटई. आपल्या काथ्याच्या दोरीचाच माल, फक्त विणून रुंद केलेला, तीन-चार वर्षांत कुजून जातो. वरची कड ६ इंच खोल चारीत पुरायची, खालची कड पाण्याच्या पातळीखाली. लाकडी खुंट्या, लोखंडी नव्हेत. चटईखाली आधी बी : थंडीत राय एकरी १२० पौंड (उन्हाळ्यात असते तर जर्मन मिलेट ४० पौंड) आणि सोबत देशी गवतांचे मिश्रण. फेस्क्यू (कुरणातले दाट गवत) कुठेही नाही. वळणांच्या बाहेरच्या अंगाला फांद्यांचे थर रचलेला पायथा.

१८ जानेवारी, वर्ष ०

लागवड. आधी जमीन १२ इंच फाडून घेतली, कारण यंत्रांच्या फेऱ्यांनी ती रस्त्यासारखी झाली होती. ८ एकर, १२ × ६ फुटांवर, एकरी ६०५, एकूण ४,८४० रोपे. सिकमोर, रिव्हर बर्च, विलो ओक, ट्युलिप पॉप्लर, ब्लॅक गम. ग्रीन ॲश यादीतून काढला : एमराल्ड ॲश बोरर हा भुंगेरा २०१३ मध्ये राज्यात सापडला, तेव्हापासून ॲश लावणे म्हणजे सातव्या वर्षी वाळलेली खोडे मोजणे. कुठलीही एक जात २० टक्क्यांहून जास्त ठेवली नाही.

रोपे मातीशिवाय, नुसत्या मुळांची येतात. गाडीतून उतरल्यावर मुळे वाऱ्यावर दहा मिनिटे राहिली तरी बारीक मुळे मरतात. ओल्या गोणपाटात ठेवायची. पहारीने फट पाडून रोप खोल घालायचे, मग थोडे वर ओढायचे, म्हणजे मूळ वर वळत नाही. वळलेले मूळ दुसऱ्या उन्हाळ्यात कळते.

पाण्याच्या कडेला छाटकलमे : ब्लॅक विलो (आपल्या वाळुंजाचा भाऊबंद), सिल्की डॉगवूड, एल्डरबेरी. दोन ते तीन फुटांची, तीन चतुर्थांश जमिनीत, डोळे वरच्या दिशेने. उलटी खोचलेली कलमे प्रत्येक जागेवर निघतातच.

२४ मार्च, वर्ष ०

बांधकामोत्तर मोजणी पूर्ण. भूजल-मापक पाच बसवले : भोकांचा पाइप, भोवती वाळू, वर बेंटोनाइटचे (फुगणाऱ्या चिकणमातीचे) बूच, नाहीतर पावसाचे पाणी पाइपच्या अंगाने सरळ खाली जाते आणि आकडे खोटे येतात. १० × १० मीटरचे सात प्लॉट, लागवडीच्या २ टक्के क्षेत्रासाठी.

निकष : प्रतिएकर ३२० रोपे तिसऱ्या वर्षी, २६० पाचव्या, २१० सातव्या. सातव्या वर्षी उंची १० फूट. सात वर्षांत चार काठोकाठ पूर, वेगवेगळ्या वर्षांत. पाणथळीत वाढीच्या हंगामाच्या १२ टक्के सलग दिवस पाणी जमिनीपासून १२ इंचांच्या आत. आमच्या आराखड्यात हंगाम २० मार्च ते ४ नोव्हेंबर, २३० दिवस, म्हणजे २८ दिवस सलग.

मोजणी मंजूर झाल्यावर ३० टक्के क्रेडिट खुले : ५८२. पुढे वर्षागणिक थोडे थोडे. शेवटचे १० टक्के चार पूर येईपर्यंत अडवलेले असतात.

६ ऑक्टोबर, वर्ष १

प्लॉट मोजले. एका प्लॉटमध्ये ८ रोपे म्हणजे एकरी ३२४, ७ म्हणजे २८३. एका रोपावर निकाल फिरतो, म्हणून गवत बाजूला सारून मोजायचे. सहा प्लॉटमध्ये ११ ते १४. प्लॉट ४ मध्ये ७. तिथे कुरणाचा फेस्क्यू सोलण्यातून वाचलेल्या पट्ट्यात परत उठला आहे. फेस्क्यू पाणी आणि नत्र दोन्ही खातो, शिवाय त्यात उंदीर लपून साली कुरतडतात. रोपांभोवती ३ फुटांचे वर्तुळ तणनाशकाने, हिवाळ्यात ६० रोपांची भर. कुंपणाच्या कडेला चायनीज प्रिव्हेट हे परके झुडूप : कापून लगेच बुंध्याला औषध. पाच मिनिटांनी लावले तर फुटतेच.

पहिला काठोकाठ पूर नोंदला गेला. पूर मोजायच्या पाइपात चढत्या पाण्याने सोडलेली बुचाच्या भुशाची रेघ आणि मळईवर अडकलेला पालापाचोळा, दोन्हींचे फोटो.

१२ एप्रिल, वर्ष २

मापक ३ चे काय चालले आहे ते कळत नव्हते. पाऊस पडला की पाणी ४ इंचांवर येते, पाच दिवसांत २० इंचांखाली. मागच्या वर्षी सलग फक्त ९ दिवस भरले. शेजारचे मापक २ : ४१ दिवस.

आधी उपकरण तपासले. पाण्यातल्या मापकाच्या आकड्यातून हवेचा दाब वजा करावा लागतो, १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १ सेंटिमीटर पाणी. हवेचा मापक उन्हात काळ्या पाइपात टांगला होता, दुपारी तापून खोटी लाट दाखवायचा. तो सावलीत हलवला. लाट गेली, उतार मात्र तसाच.

मग रात्रीचे आकडे वेगळे काढले. झाडे पाणी ओढत असतील तर पातळी दिवसा उतरते आणि रात्री थांबते, पहाटे थोडी वरही येते. इथे रात्रीही त्याच वेगाने उतरते, आणि एप्रिलच्या सुरुवातीला झाडांना पाने तरी कुठे असतात? पाणी खालून कुठेतरी वाहून जाते आहे. बांधकामाआधी सापडलेला नळाचा तुकडा आठवला.

१९ ऑगस्ट, वर्ष २

सहावा उंबरा. पाणी ओंडक्यावरून न जाता खालून जाते, वरचा डोह रिकामा. कापडाची कड खाली वळवलेली नव्हती ती हीच. दुरुस्ती : वरच्या अंगाला ३ फूट उकरून नवे कापड पायाच्या ओंडक्याखाली नेले, चिकणमाती आणि खडी दाबली. हाताने दोन माणसांचा दीड दिवस. यंत्र आत आणले असते तर दोन वर्षांची ४० रोपे चिरडली असती.

९ नोव्हेंबर, वर्ष २

दुरुस्तीचा आराखडा आंतरसंस्था समितीकडे (भरपाई प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थांची समिती) पाठवून मंजुरी घेतली, मगच खणले. मापक ३ च्या खालच्या बाजूला उताराला आडवी ४ फूट खोल चारी. ३ फुटांवर नळ : भाजक्या मातीचे, ४ इंची, एकेक फुटाचे तुकडे नुसते एकमेकांना टेकवलेले. आतून स्वच्छ पाणी वाहत होते. पाऊस होऊन अकरा दिवस झाले होते.

नळाची रेघ जुन्या आडव्या चराला समांतर. चर बुजवला, अडसर घातले, आणि पाणी त्याच्या शेजारून निघून जात राहिले. तीन ठिकाणी प्रत्येकी २५ फूट नळ काढून चिकणमाती थरांनी दाबली. मधले तुकडे जागेवरच फोडले. पाहणीच्या वेळी अशी एक चारी खणायला अर्धा दिवस लागला असता. आता यंत्राची वाट, ३० रोपे आणि एक हंगाम गेला. भाजक्या मातीचा एक जरी तुकडा दिसला तरी आराखडा पुढे नेण्याआधी चारी खणायची.

२१ मे, वर्ष ३

बीव्हर या प्राण्याने गुरांच्या वाटेच्या खालच्या बाजूला ओढ्यावर बांध घातला. दोन फूट पाणी तुंबले, विलोची कलमे कापून त्यातच वापरली. बांध हाताने, थोडा थोडा, दोन दिवसांत काढला. एकदम फोडला तर खालचे काठ जातात. केंद्राच्या कृषी खात्याच्या वन्यजीव सेवेशी वार्षिक करार आहेच. या तुंबलेल्या पाण्यामुळे भरलेले दिवस मापक १ च्या हिशेबात धरले नाहीत.

मापक ३ : सलग ३१ दिवस. निकष पार.

मापक ५ : १९ दिवस. हे हक्काच्या सीमेपासून ४० फुटांवर आहे आणि सीमेपलीकडे शेजाऱ्याचा चालू चर आहे. तो आपला नाही, बुजवता येत नाही. सीमेलगत चिकणमातीचा पडदा घालायचा विचार झाला. खर्च आणि आणखी एक यंत्रवाट पाहता सोडून दिला. मापक ४ आणि ५ च्या मध्ये दोन तात्पुरते मापक बसवून रेघ आखली : ०.३ एकर पाणथळीच्या मागणीतून वगळले. मागणी आता २.७ एकर. सुधारित नकाशा या वर्षीच्या अहवालाला जोडायचा आहे, प्लॉट ४ ची फेरमोजणी ऑक्टोबरात.